नखांचा फोटो

४ जानेवारी १९९९, सोमवार

सकाळी एकदा. दूध पिताना. ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले, मग डोळे फिरवले. गुडघे छातीशी दाबून धरले, थोड्या वेळाने रडली. रडली म्हणजे परत आली.

सिव्हिलच्या सिस्टरने सांगितलं म्हणून ही वही केली. ती म्हणाली, "तुम्ही आया येता आणि म्हणता, कधीकधी होतं. कधीकधी म्हणजे किती? रोज लिहायचं. कितीदा निळी पडली, तेव्हा काय करत होती, किती वेळ." मी म्हटलं मी सातवीच शिकले. तर म्हणते, "निळी लिहायला सातवी पुरते."

मुलगी स्नेहा. दोन वर्षं तीन महिने. हृदयाला जन्मापासून छेद आहे आणि एक नळी बारीक. ऑपरेशन मुंबईला होतं. ते आपल्याच्याने होणार नाही. कतारगामला एक ट्रस्ट आहे, ते पोरांचं फुकट करून देतात, पण सगळ्यांचं नाही. निवडून घेतात.

मी उज्ज्वला. हे उधन्याला लूमवर आहेत, कापड विणतात, नाव गोपाल. आम्ही पारोळ्याकडचे. घर सुरतला, लिंबायतमध्ये. एवढं लिहून ठेवते, वही हरवली तर.

७ जानेवारी

दोनदा. एकदा पडल्यावर, एकदा उगाच.

चार पावलं चालली की उकिडवी बसते, गुडघे पोटाशी घेऊन. थोडा वेळ बसते, मग उठून परत चालते. गल्लीतल्या बाया हसतात, "उनी दख म्हातारी." मीपण हसते. दुसरं काय करू. बोटांची टोकं मात्र छान फुगीर आहेत तिची. गल्लीतली मंगलामावशी म्हणते अशी बोटं भाग्याची.

११ जानेवारी

एकदा, थोडं.

मंगलामावशी माझ्या माहेरच्या गावची. तिचे मालक सुकलालकाका, त्यांचा गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ आहे. मी तिथे दिवसा बसते, पासपोर्ट फोटो कापते, पाकिटात भरते. पोर पायाशी खेळते. दुसरीकडे कोण पोर घेऊन कामाला ठेवणार.

आज तिथे कॉम्प्युटर आला. जुना आहे. बरोबर एक प्रिंटर आणि एक स्कॅनर, झेरॉक्सच्या मशीनसारखा पण चपटा. काकांनी अगरबत्ती लावली, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी बटणांवर उडालं, तर विकणारा ओरडला, "काका, शुं करो छो!" काका म्हणाले, "त्याले बी प्रसाद पाहिजे ना."

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळं सुरत गच्चीवर. हे पण घरी होते. लूमच्या आवाजाने ह्यांना घरीसुद्धा मोठ्याने बोलायची सवय आहे, त्यात आज पतंगांचा गोंधळ. स्नेहाला खांद्यावर घेऊन "दख, दख, तो लाल दख" करत होते. ती मान टाकून बघत होती.

वर चढताना दोनदा झालं. ह्यांनीच गुडघे दाबून धरले. खाली उतरल्यावर मला म्हणाले, वहीत एकदाच लिही, सणाचा दिवस आहे. मी दोनदा लिहिलं.

२० जानेवारी

एकदा.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कॉम्प्युटरवर बारीक दिसत नाही. हात पण उंदरावर, म्हणजे ते माऊस, त्याच्यावर थरथरतो. आज मला म्हणाले, "उज्जू, तू बस. तुना हात बारीक शे." मी म्हटलं इंग्रजी येत नाही. म्हणाले, "त्याच्यात चित्रं शेत. चित्रं वाचता येतात ना?"

प्रोग्राम फुकटचा आहे. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर एक सीडी फुकट आली, तिच्यात होता. फुकटचा म्हणून एकदा चुकलं तर एकच पाऊल मागे जाता येतं. दुसरं नाही.

शिकले ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.
फोटो उघडला की पहिले त्याची कॉपी काढायची. कॉपीवर काम. मूळ फोटोला हात लावायचा नाही. काकांनी तीनदा सांगितलं.
भिंगाचं चित्र दाबलं की मोठं दिसतं. खूप मोठं केलं की माणूस राहत नाही, चौकोन चौकोन राहतात, रंगीत.
शिक्क्याचं चित्र. चेहऱ्यावर डाग असेल तर बाजूच्या चांगल्या कातडीवर एकदा खूण करायची, मग डागावर शिक्का मारायचा. चांगली कातडी तिथे येते. लांबून घ्यायची नाही, लांबचा रंग वेगळा असतो.

आज एका पोराच्या पासपोर्ट फोटोतल्या पुटकुळ्या काढल्या. अकरा होत्या. शेवटची काढली तेव्हा मला फार बरं वाटलं. डॉक्टरला असंच वाटत असेल.

२३ जानेवारी

नाही झालं आज. खरंच नाही.

थेंबाचं चित्र आहे, औषध डोळ्यात घालतात तशी नळी. ती कुठेही लावली की तिथला रंग उचलते. मग तो रंग ब्रशला लागतो. ब्रश जोरात ठेवायचा नाही, फिका ठेवायचा आणि दोन-तीन वेळा फिरवायचा. एकदम रंग दिला की पावडर थापल्यासारखं दिसतं. डोळ्यातलं पांढरं थोडंच पांढरं करायचं. मी पूर्ण केलं तर काका म्हणाले, "हा तं भूत व्हयना."

आणि बोटाचं चित्र आहे, त्याने पुसट होतं. ते जास्त वापरायचं नाही. सुरकुत्या सगळ्या पुसल्या तर म्हातारी माणसं ओळखू येत नाहीत. काल एका आजोबांच्या पुसल्या, त्यांचा मुलगा म्हणाला, हे कोण.

२७ जानेवारी

दोनदा.

मागच्या गल्लीतल्या मंदाचा फोटो आला, स्थळासाठी. मंदा काळी आहे आणि कपाळावर देवीचा व्रण. तिची आई म्हणाली, "पोरगी चांगली शे माय, पन पाहुने फोटोच दखतस. फोटो आवडना तवय घर येतीन." मी व्रण काढला. रंग एक पायरी उजळ केला, दोन नाही. ओठांना थोडा रंग. मंदा स्वतः बघून म्हणाली, "ही कुठली हिरोईन?" आणि लाजली.

काका म्हणाले, "फोटो म्हनजे हाळद शे बेटा. लागी का समदा गोरा."

२ फेब्रुवारी

दोनदा, दुसऱ्या वेळी जास्त वेळ.

मंदाचं जमलं! फोटोवरच पसंत केली, मग घरी आले. तिच्या आईने पेढा आणून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, तुझ्या हाताला यश आहे.

मंगलामावशीने वही बघितली. वाचता येत नाही तिला, पण विचारलं रोज काय लिहिते. मी सांगितलं. तिने वही मिटली. मग म्हणाली, "रोज निळी-निळी कसाले लिखस वं? लिखेल खरं व्हई जास. चांगलं लिख, चांगलं व्हई."

सिस्टर शिकलेली आहे. पण मावशीने सात पोरं वाढवली.

३ फेब्रुवारी

आज बरी. दुपारभर झोपली, हाक मारली तरी उठेना. माझं काम झालं.

६ फेब्रुवारी

बरी.

९ फेब्रुवारी

कतारगामला ट्रस्टमध्ये गेलो. तिथे हंसाबेन म्हणून बाई आहेत, पांढरी साडी, चष्मा दोरीला. एक शब्द वाकडा बोलत नाहीत. फॉर्म दिला. सांगितलं, पंधरा तारखेपर्यंत द्या. मुंबईचे डॉक्टर सगळ्या फायली बघणार. दोनशेच्या वर पोरं, त्यातली तीस घेणार.

स्नेहाचा रिपोर्ट ती आठ महिन्यांची असतानाचा आहे. मी घाबरत विचारलं चालेल का. हंसाबेन म्हणाल्या चालेल, पण ताजा फोटो पाहिजे, रंगीत. चेहऱ्याचा आणि दोन्ही हातांच्या नखांचा.

बसमध्ये ह्यांनी विचारलं, नखांचा कशाला? मला माहीत होतं. शाळेत आमच्या बाई सोमवारी नखं बघायच्या. ज्याची घाण त्याला बाहेर उभं करायच्या. आई-बाप पोराला नीट ठेवतात का ते बघत असतील. एवढा खर्च करणार, मग बघणारच.

घरी आल्या आल्या नखं कापली. एकसारखी.

११ फेब्रुवारी

एकदा.

दोनशेत तीस. मी एकसारखा तोच विचार करते. तीस कोणते घेतील? मी डॉक्टर असते तर? जे पोर जगणार त्यालाच घेईन ना. मरायला टेकलेल्यावर कोण हात घालेल? बाजारातून आपण रोप आणतो तर हिरवं बघूनच आणतो.

१२ फेब्रुवारी

काकांनी फोटो काढला. मी तिला मांडीवर घेतली, लाल फ्रॉक घातला. फ्लॅश पडला की दचकायची. नखांच्या फोटोला हात स्थिर ठेवेना, म्हणून मी तिची मनगटं धरली. माझी बोटं पण आली फोटोत. काका म्हणाले, नंतर कापून टाकू.

रोल लॅबमधून उद्या येईल.

१३ फेब्रुवारी

बरी.

फोटो आले. मी स्कॅन केले. काका जेवायला गेले होते.

पडद्यावर तिचं तोंड एवढं मोठं आलं. रोज बघते मी तिला, दिवसभर बघते. पण असं कधी दिसलं नव्हतं. ओठ निळे नाहीत, काळेच. डोळ्यांखाली पण. नखं अशी जशी दाराच्या फटीत सापडली. मला वाटलं ही बघून कोण घेईल. पहिल्याच ढिगातून बाहेर टाकतील.

थेंबाची नळी माझ्या अंगठ्याच्या नखावर लावली. माझ्या नखाचा रंग उचलला. ब्रश फिका ठेवला. दोनदा फिरवला, तिच्या ओठांवर. घाई केली नाही. कोपरे सोडले, कोपरे रंगवले की खोटं दिसतं. नखांना शिक्का मारला. माझं नख, तिच्या नखावर. दहा. मग माझी बोटं कापून टाकली.

ती किती सुंदर दिसायला लागली. अशीच असती ती. कुणाचं काय बिघडलं असतं.

सेव्ह केलं. कॉपी काढायची राहिली, त्याच फोटोवर सेव्ह झालं. जाऊ दे, तो फोटो कुणाला पाहिजे.

काका आले, लांबून बघितलं, म्हणाले, "वा. तुनी पोर तं राजकन्या शे." त्यांना काय दिसतं.

एक जास्तीचा छापला. ह्यांना दिला. ह्यांनी खूप वेळ बघितला आणि खिशात ठेवला.

१५ फेब्रुवारी

बरी.

फॉर्म दिला. हंसाबेन म्हणाल्या, "फोटो सरस छे." माझा जीव भांड्यात पडला. माझ्या शेजारी एक बाई होती, ओडिशाची असावी, तिच्या पोराचा फोटो स्टुडिओतला पण नव्हता. तोंड काळंनिळं, नाक वाहतंय. मला तिची कीव आली. वाटलं सांगावं, बाई आमच्याकडे ये, मी करून देते. भाषा येत नाही म्हणून राहिलं.

२० फेब्रुवारी

बरी. खेळली.

हे म्हणतात, लूमवर सगळ्यांना फोटो दाखवला. एक जण म्हणाला, हिला कुठला आजार, ही तर गुलाबाचं फूल.

२७ फेब्रुवारी

बरी.

यादी लागली. तिसात नाव नाही. मी तिथेच जिन्यावर बसले. हंसाबेन बाहेर आल्या, पाणी दिलं. म्हणाल्या, "गभराशो नहीं, बेन. बीजा लिस्टमां छे. दिवाळी पछी." त्यांना विचारलं, का? त्यांनी नीट समजावलं. डॉक्टर आधी फोटो बघून ढीग करतात. रिपोर्ट जुना, मग आता आजार किती वाढला ते चेहऱ्यावरून आणि नखांवरून कळतं. तुमच्या मुलीचं बघून म्हणाले, ही थांबू शकते.

थांबू शकते! म्हणजे मुंबईचा डॉक्टर म्हणाला की ती बरी आहे. मी येताना उभ्या उभ्या बसमध्ये हसत होते. दिवाळी कितीशी लांब आहे. नारळ फोडला. ह्यांना सांगितलं, ते पण हसले, मग म्हणाले, पण नखांवरून कसं कळतं? मी म्हटलं, ते डॉक्टर आहेत, त्यांना कळतं.

त्या ओडिशाच्या बाईच्या पोराचं नाव पहिल्या तिसात होतं. मला वाटलं तिची ओळख असेल कुणाची.

१ मार्च

ह्यांचा तो एक प्रश्न. नखांवरून कसं कळतं.

मला आज तो प्रश्न भांडी घासताना आला. मग पोळ्या करताना आला.

४ मार्च

परवा होळीच्या पाण्याने भिजली, रडली आणि गेली. म्हणजे मला वाटलं गेली. गुडघे दाबले, दाबले, नाही रडली. हे कामावर. मंगलामावशीने रिक्षा आणली. सिव्हिलमध्ये नळी लावली, सुई दिली, तेव्हा आली. हे रात्री आले. आज सकाळी सोडली.

तीच सिस्टर होती. तिने स्नेहाचा अंगठा दाबला, सोडला, परत दाबला. विचारलं, ट्रस्टच्या यादीत पहिली असेल ना ही? मी म्हटलं दुसऱ्या यादीत. ती म्हणाली शक्यच नाही. फोटो दिला होता का? हातांचा? मी म्हटलं हो, चांगला दिला होता.

"चांगला म्हणजे?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी खिशातून फोटो काढून दिला.

सिस्टरने तो स्नेहाच्या चेहऱ्याशेजारी धरला. कितीतरी वेळ. मग मला हळूच विचारलं, "हे निळं कुठे गेलं?"

मी माझा अंगठा मुठीत घेतला.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. खाटेच्या काठावर बसली आणि मला सांगितलं, जसं शाळेत सांगतात तसं. रक्तात हवा कमी पडते म्हणून निळी. जेवढी निळी तेवढी घाई. बोटांची टोकं फुगतात ती पण त्यानेच. उकिडवी बसते ती खेळत नाही, तिला श्वास पुरत नाही, बसली की पुरतो. हे तिचं तिलाच कळलंय. कुणी शिकवलं नाही.

दोन वर्षांच्या पोरीला कळलं.

५ मार्च

दोनदा.

काकांना सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "मूळ फाईल?" मी नाही म्हणून मान हलवली. ते स्टुलावर बसले. मी म्हटलं निगेटिव्ह आहे ना? ते म्हणाले निगेटिव्ह आहे, पण फ्लॅश मारेल शे. निम्मं निळं त्या फ्लॅशनेच उडवलं. "निम्मी चूक मनी शे, बेटा." मी म्हटलं नाही काका. ते म्हणाले, "तीस वरीस मी हाऊच धंदा करना. कोनी म्हनं नही का जशी शे तशी काढ."

ह्यांना घरी सांगितलं, सगळं, माझ्या नखाचा रंग लावला तेपण. पहिल्यांदा हे हळू बोलले. मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही. म्हणाले, "मले तरी कोठे समजनं." खिशातून तो फोटो काढला. मला वाटलं फाडणार. बघितला आणि परत खिशात ठेवला.

मारलं असतं तर मी काही बोलले नसते.

८ मार्च

एकदा, बसमध्ये. सगळे बघत होते. एका बाईने जागा दिली.

हंसाबेनना सांगितलं. गुजराती येईना, रडूच येत होतं, मग ह्यांनी सांगितलं मोडक्या गुजरातीत, मोठ्याने, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "फोटोमां रंग कर्यो छे. मारी बैरीए. छोकरी निळी छे." सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या.

हंसाबेनांनी स्नेहाला हातात घेतली, खिडकीशी नेलं. परत आल्या तेव्हा चष्मा काढलेला होता. म्हणाल्या, यादी बदलणं त्यांच्या हातात नाही. तीस नावं पक्की. पण बारा तारखेला त्या स्वतः मुंबईला जाणार, राहिलेले कागद घेऊन. तिसातलं एखादं पोर तापात असेल, कुणी येणार नाही, जागा झाली तर. नवा फोटो द्या. सिस्टरची चिठ्ठी द्या. आणि घरी काही लिहून ठेवलं असेल, कितीदा होतं वगैरे, तर ते फार कामाचं, डॉक्टर ते आधी वाचतात.

हे म्हणाले, "आहे! वही आहे! रोज लिहिते ही!" किती आनंदाने म्हणाले.



१० मार्च

तीनदा.

काकांनी फोटो काढला. आत नाही, बाहेर ओट्यावर, सकाळच्या सावलीत, फ्लॅश न लावता. सिस्टरने सांगितलं होतं, आईचा हात शेजारी ठेवा, म्हणजे फरक दिसेल. मी हात ठेवला. तिचा माझ्या हातावर. ती माझी नखं मोजायला लागली, "एक, दोन, एक, दोन."

काका म्हणाले, थोडी रडली तर जास्त दिसेल. मी आणि काकांनी एकमेकांकडे बघितलं. तिला कोण रडवणार. काकाच म्हणाले, "नको. जशी शे तशी." एखादा हललेला निघाला तर म्हणून चार काढले.

लॅबवाला घाईने धुऊन देणार म्हणाला. त्याला काकांनी बजावलं, रंग सुधारू नको. तो म्हणाला, गिऱ्हाईक उलट सांगतं. काका म्हणाले, "हाई गिऱ्हाईक न्यारं शे."

दुपारी फोटो आले. मी कॉम्प्युटर लावला नाही. कात्रीने कापले.

११ मार्च, गुरुवार

उद्या ही वही द्यायची आहे.

सकाळी दुकानातून नवी आणली. तशीच, दोनशे पानी. म्हटलं नीट उतरवून काढते, खरे आकडे घालून, नारळ, मंदा, काका सगळं गाळून. तीन पानं लिहिली. चांगलं अक्षर आलं. मग मला वाटलं हे तर मी तेच करते आहे. उद्या डॉक्टरने विचारलं हे इतकं स्वच्छ कसं, तर काय सांगू. एकदा खोटं पकडलेल्या बाईचं कोण ऐकणार.

ती पानं फाडली. हीच देणार. डॉक्टरला आमची भाषा वाचता येते का कुणास ठाऊक, पण हंसाबेन म्हणाल्या तिथे मराठी सिस्टर आहेत, त्या वाचून सांगतील. तर बाई, तुम्ही जी कोण वाचत असाल, मधलं मधलं सोडून द्या. मी मूर्ख आहे ते वाचायला वेळ घालवू नका. खालचं वाचा.

मागचं काही खोडलेलं नाही. चुकलेलं तिथेच आहे. बरोबर इथे लिहिते.

३ फेब्रुवारी. बरी लिहिलं ते खोटं. दोनदा. दुपारी झोपली नव्हती, दुसऱ्या वेळेनंतर ग्लानीत होती.
६ फेब्रुवारी. एकदा, पाच मिनिटांच्या वर.
१३ फेब्रुवारी. एकदा. मी कॉम्प्युटरवर तिचे ओठ रंगवत होते तेव्हा ती माझ्या पायाशी निळी पडली. मी उचलली, गुडघे दाबले, रडली. मग खाली ठेवली आणि राहिलेली नखं केली.
१५ फेब्रुवारी. एकदा, ट्रस्टच्या जिन्यात, फॉर्म द्यायच्या आधी. पदराखाली घेतली, कुणाला दिसू नये म्हणून.
२० फेब्रुवारी. तीनदा. खेळली नाही.
२७ फेब्रुवारी. एकदा, नारळ फोडल्यावर.
मधले दिवस जे लिहिलेच नाहीत त्या दिवशीपण होत होतं. आकडा आठवत नाही. आठवत नाही ते मनाने लिहीत नाही.

सिस्टरची चिठ्ठी आणि फोटो वहीत ठेवलेत. ज्यात दोन हात आहेत त्यात खालचा माझा. माझा बघून तिचा बघा.

ह्यांना लूमवरून सुट्टी मिळाली. उद्या सकाळी कतारगामला आम्ही दोघं जाणार. जागा होईल का, कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या कुणाच्या पोराला ताप यावा असं मी मागत नाही. मागत नाही असं लिहिते आहे, पण मनात काय येतं ते मला बंद करता येत नाही.

मंगलामावशी आत्ता येऊन गेली. स्नेहाच्या गालाला काजळाची तीट लावली. वहीकडे बघितलं. म्हणाली, "लिख वं माय. समदं लिख."

आज दोनदा. दुसऱ्या वेळी मी हेच लिहीत होते, तिला मांडीवर दाबून एका हाताने लिहिलं, त्या ओळी वाकड्या आल्यात. तशाच राहू द्या.

तिसऱ्यांदा आत्ता.